घाटाच्या मापाची गाडी

इंदूवहिनी गेल्या तेव्हा मी दुकानात होतो. तेलगावात माझं औषधांचं दुकान आहे. सकाळची गर्दी होती आणि फोन खणखणत होता. उचलला तर पुण्याहून श्रीकांत, वहिनींचा मुलगा. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला. शेवटचे काही महिने त्या पुण्यात त्याच्याकडेच होत्या. हृदयाचं दुखणं होतं, वय झालं होतं, सगळं खरं. पण ही बाई कुणाचं म्हणून ऐकायची नाही, तेव्हा मरणालाही "आत्ता वेळ न्हाई, नंतर या" म्हणून परत पाठवेल, असं मला कुठंतरी वाटत होतं. तसं झालं नाही.

गावाकडं दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी श्रीकांतच्या ओळखीचे पुण्याचे एक गृहस्थ गाडी बघायला आले. जुन्या गाड्यांचे शौकीन. माणूस सभ्य, बोलणं मऊ. माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वहिनींची गाडी असते. त्यांनी खाली वर्तमानपत्र अंथरलं, आडवे होऊन गाडीच्या पोटाखाली डोकावले आणि उठले ते हळहळतच. "अहो, हिच्या सस्पेन्शनची कुणी तरी पार वाट लावलीय. मागं हे कसले पाटे? हे शॉकअप कुठले? मूळचं सगळं मिळवून बसवलं, तर ही प्रदर्शनात उभी राहील." सुतकातलं घर म्हणून मी जीभ आवरली. पण वाट कुणी लावली आणि का लावली, हे एकदा लिहूनच टाकावं म्हणतो. ज्यांना हा वेडेपणा वाटतो त्यांनी खुशाल हसावं. वहिनींच्या हयातीतही लोक हसतच होते.

गाडी आणली माझ्या थोरल्या भावानं. दादा सहकारी साखर कारखान्यात इंजिनिअर होता. हैदराबादेत कुणा जुन्या घराण्याचं सामान निघालं, तिथून ही दोन माणसांची, टप उघडणारी विलायती स्पोर्ट्स गाडी तो घेऊन आला. इतकी बुटकी, की उभ्या माणसाला तिचं छत कमरेला लागायचं. जमिनीला चिकटून पळते म्हणून गावानं तिचं नाव ठेवलं घोरपड. हंगाम संपला की कारखान्याच्या ऊसतळावर दादानं वहिनींना ती चालवायला शिकवली. नऊवारीतली बाई घोरपड हाकते, हे बघायला कुंपणावर माणसं बसत. दादा अकाली गेला. वहिनी घाटावरच्या आमच्या मूळ गावी, धारूरच्या वर, शेती आणि म्हशी बघायला निघून गेल्या. गाडी माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली, कारण घाटाच्या पहिल्याच वळणावर तिचं पोट दगडाला घासायचं.

गावात वहिनींनी बायकांची दूध संस्था उभी केली आणि त्या अध्यक्ष झाल्या. मग तो दुष्काळ आला. धरणाचा तळ उघडा पडला, कारखान्याची धुराडी थंड, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला रिकाम्या उभ्या. जनावरं जगवायची तर चारा छावणी हवी. ती आपल्याच गावात, आपल्या संस्थेनं चालवायची, असं वहिनींनी ठरवलं होतं. आमच्या भागातले पुढारी आबासाहेब यांना मात्र ती खाली, सडकेला लागून, स्वतःच्या रानात हवी होती. तसं झालं असतं तर घाटावरच्या बायकांना अशक्त जनावरं घेऊन डोंगर उतरावा लागला असता, आणि अर्धी वाटेतच बसली असती. नेमक्या त्याच दिवसांत दूध केंद्राच्या पायरीवरून वहिनी घसरल्या. मणका सरकला. त्यांना उपचारासाठी माझ्याकडं आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "झोपून राहायचं. आपल्याकडच्या रस्त्यांचं तर नावही काढायचं नाही. एक जोराचा हादरा बसला, तर पाय कायमचे जातील."

संस्थेचा नियम असा, की लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहिलं तर पद जातं. दोन बुडाल्या होत्या. तिसरीत छावणीचा ठराव होता. उपाध्यक्ष होत्या आबासाहेबांच्या सूनबाई, त्यामुळं पुढचं सांगायला ज्योतिषी नको. मी म्हणालो, "वहिनी, जीपमध्ये आडवं टाकून नेऊ." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो. "मढ्यासारखी आडवी जाऊ व्हय सभेला?" हे पाठीमागून आलं.

एका दुपारी बघतो तर वहिनी खाटेवर नाहीत. घरभर शोधलं. बाई शेडमध्ये, ताडपत्री बाजूला सारून घोरपडीत बसलेल्या, मांडीवर सूप घेऊन तूर निवडतायत. त्या गाडीची बैठक जमिनीलगत आणि मागं रेललेली, पाय पुढं लांब सोडायचे. "भाऊजी, खुर्चीवर कळ निघती, खाटंवर कळ निघती. हितं न्हाई निघत बघा." त्या दिवसापासून त्यांचा मुक्काम गाडीत. जेवण तिथं, डुलकी तिथं, भेटायला येणारे तिथं. आबासाहेबही आले, तब्येतीची चौकशी करायला. गाडी बुटकी, वहिनी आत. एवढ्या मोठ्या माणसाला बोलायला ओणवं व्हावं लागलं. "ताई, आता आराम करा, राजीनाम्याचं बघू आमी," म्हणेपर्यंत त्यांची टोपी गाडीत पडली. वहिनींनी ती झटकून परत दिली आणि म्हणाल्या, "बसा की खाली. लई वाकावं लागायलंय तुमाला."

आबासाहेब गेल्यावर वहिनींनी मला शब्बीरमिस्त्रीला बोलावणं धाडायला लावलं. शब्बीरभाई फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवायचे. त्या वर्षी ऊस नाही, काम नाही, दुकानात जुन्या पाट्यांचा ढीग. गाडीची उंची वाढव आणि हादरे कमी कर, असं वहिनींनी सांगितलं. मी आपला शहाणपणा केला, "वहिनी, गाडी बदलण्यापेक्षा रस्ता दुरुस्त करायचा अर्ज देऊ." त्या म्हणाल्या, "रस्त्याला मंत्री लागतो. गाडीला शब्बीर पुरतो."

शब्बीरभाईंनी मागचे चपटे झालेले पाटे काढून ट्रॉलीच्या पाट्यांतले निवडक बसवले. पुढं भंगारातल्या टॅक्सीच्या उंच स्प्रिंगा घातल्या. जुने शॉकअप तेल गाळून मेले होते, त्यांच्या जागी जीपचे उभे शॉकअप जोडले. गाडी वीतभर वर आली. "घोरपडीला उंटाचे पाय!" गाव हसलं. वहिनी ऐटीत निघाल्या आणि शाळेसमोरच्या गतिरोधकावर गाडी अशी उसळली की त्या किंचाळल्या. वहिनींना किंचाळताना मी आयुष्यात तेवढंच एकदा ऐकलं. आम्ही चौघांनी उचलून त्यांना आत नेलं. रात्री त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या. माझी बायको रडत होती. मी शब्बीरभाईंना वाटेल ते बोललो. सभा आठवड्यावर आली होती.

दुसऱ्या दिवशी पालथ्या पडल्या पडल्याच वहिनींनी त्यांना विचारलं, "शब्बीर, ह्येच पाटे ट्रॉलीला कसे चालतेत रे?"

"वहिनी, ट्रॉली भरल्याली असती ना. रिकामी ट्रॉली लई आपटती. भरली की पाण्यावानी चालती."

"मंग भर की."

शब्बीरभाई माझ्याकडं बघायला लागले, मी त्यांच्याकडं. आम्हा दोघांनाही हे सुचलं नव्हतं. मग माझ्या दुकानासमोर सगळं गाव जमवून आम्ही गाडीत सरकीच्या पेंडीची पोती टाकून बघितली. एक डिक्कीत, एक बैठकीमागं. आधी शब्बीरभाई एकटेच चालवून आले, मग मला शेजारी बसवून. माझं वजन तेव्हापासून घरात चेष्टेचा विषय आहे. गतिरोधकावर गाडी दबली आणि शांतपणे वर आली. शेवटी वहिनी बसल्या. वळसा घालून आल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "पेंड उतरवू नगा. वर जनावरं उपाशी हायेत, त्यांनाच न्हेऊ."

डॉक्टरांना आम्ही काही कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी मनाई केली असती, आणि त्यांचं बरोबरच होतं. वहिनींच्या मते बरोबर असणं आणि ऐकण्याजोगं असणं या वेगळ्या गोष्टी. घाटात गाडी वहिनीच चालवत होत्या. प्रत्येक खड्ड्याला त्या दात आवळून म्हणत, "बोलत ऱ्हावा भाऊजी, कायबी बोला." मी गोळ्यांची नावं घेत राहिलो, दुसरं काही आठवेना. वर पोचलो तेव्हा संस्थेच्या खोलीत सभा सुरू होत होती. गाडीतून उतरणं मात्र वहिनींना जमेना. पाठ जखडली होती. आबासाहेबांचा माणूस दारात येऊन म्हणाला, "अध्यक्ष गाडीत हायेत, सभेत न्हाईत. गैरहजेरी लागंल."

"मंग सभा भाईर आणा," वहिनी म्हणाल्या. "गणपूर्ती मान्सांची असती, खोलीची न्हाई."

मग एक बाई उठली, सतरंजीचं टोक धरून ओढत बाहेर आली. तिच्यामागून दुसरी. बघता बघता सगळ्या सदस्य घोरपडीभोवती उन्हात बसल्या, आणि सूनबाईंनाही सासऱ्यांची वाट न बघता येऊन बसावं लागलं. छावणी गावातच, असा ठराव झाला. येताना गाडी रिकामी आपटू नये म्हणून दुधाचे कॅन भरले. पुढं पावसापर्यंत तोच क्रम झाला, पेंड वर आणि दूध खाली. पाठ सुधारल्यावरही वहिनींनी पाटे बदलू दिले नाहीत. त्या छावणीतली जनावरं जगली. आमच्या घाटावर कुणालाही विचारा.

तर ही "वाट लावलेली" गाडी. मी श्रीकांतला सरळ सांगितलं, मूळ पाटे बसवून ती प्रदर्शनात उभी करायची असेल तर आधी मला उचलून बाजूला ठेव. ज्यांनी ही गाडी बनवली त्यांनी आमचा घाट बघितला नव्हता. तो हसला आणि म्हणाला, "काका, मला विकायची नाहीच. पण ठेवून तरी काय करायचं?" याचं उत्तर महिन्याभरानं घाटावरून चालत आलं. संगीता, संस्थेची नवी अध्यक्ष. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची ती आता गावातच राहते. सभेत सतरंजीचं टोक पहिल्यांदा ओढलं ते तिनंच. यंदाही पाऊस नाही. म्हणाली, "काका, घोरपड द्या आन् मला शिकवा."

शिकवायला बसलो तर तिचे पाय पोचेनात. वहिनी उंच होत्या. त्यांच्या पाठीला बरोबर बसेल अशा बेतानं शब्बीरभाईंनी ती बैठक तळाला बोल्ट मारून पक्की केली होती. पुढं सरकवायची तर बोल्ट कापायला हवेत. संगीता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, उशी घेते." मलाही तेच हवं होतं... वहिनींच्या पाठीचा खळगा अजून त्या बैठकीत आहे. तिला हात लावू नये असं वाटलं, आणि वाटलं तसा मी स्वतःवरच चिडलो. म्हणजे मीही त्या पुण्याच्या गृहस्थांसारखाच, फक्त माझं मूळ वेगळं. उशी टेकून घाट चढता येत नाही. शब्बीरभाई करवत घेऊन माझ्याकडं बघत उभे होते. "कापा," म्हणालो.

बैठक पुढं गेली. मागं तळाच्या पत्र्यात चार भोकं राहिली. गाडी चालू लागली की त्यांतून आत धूळ येते आणि वाकून बघितलं तर खाली घाटाचा रस्ता पळताना दिसतो. शब्बीरभाई म्हणाले, "बुजवून टाकू का?"

मी म्हणालो, "नको. वहिनींना रस्ता दिसू दे."