सहा चकत्या आणि दोन बादल्या पाणी

या रविवारी माझी चांगलीच जिरली... तीही इथेच अकोल्यात, माझ्याच घराच्या मागच्या अंगणात.

गेले चार महिने मी घरी सीएनसी राउटर बनवतेय. म्हणजे कॉम्प्युटरवर आकार काढायचा आणि मशीनच्या फिरत्या कटरने तो लाकडात नाहीतर नायलॉनच्या शीटमध्ये आपोआप कापून घ्यायचा. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हटलं आपल्याला काय अवघड आहे... (इथे हसून घ्या.)

लोखंडी सांगाडा वेल्डिंगवाल्याकडे तीनदा परत नेला, कारण त्याच्या काटकोनाचा आणि माझ्या काटकोनाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. वायरिंग मात्र मी स्वतः केलं, एकेका वायरला नंबर लावून. घरात कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही.

खरं तर हा सगळा हौसेचा मामला होता. पण माझ्या नणंदेने, कुसुमताईंनी, त्याला काम लावलं. दर्यापूरजवळची शेती त्या एकट्या बघतात. त्यांच्या पेरणीयंत्रात एकेक दाणा खाली सोडणाऱ्या चकत्यांची भोकं मोठी आहेत, त्यामुळे एका जागी दोन-दोन, तीन-तीन दाणे पडतात.

गेल्या वर्षी दुबार पेरणी झाली होती, यंदा हातात बियाणंच बेताचं आहे. “वैनी, दाणे असे वाया गेले तं अर्धं वावर पडीक रायते,” एवढंच त्या फोनवर म्हणाल्या. लहान भोकांच्या सहा नव्या चकत्या, पेरणीच्या आधी... मी छातीठोकपणे हो म्हटलं.

आणि तिथून मशीनच्या अंगात आलं! पंधरा-वीस भोकं सुरेख पाडायचं, आणि मधेच खट्ट... बंद. स्क्रीनवर मेसेज, लिमिट स्विच दाबला गेला. हा स्विच मशीनच्या टोकाला असतो, कटर तिथे पोचला की काम थांबवतो. अहो पण कुठलं टोक? कटर मधोमध उभा होता!

पुन्हा सुरू केलं की पुढची भोकं केसभर सरकलेली. चकती फेका. अशा चार फेकल्या, शीट संपत आली, आणि कुसुमताईंचा रोज फोन... झालं का वैनी?

मोटरचा विजेचा गोंधळ स्विचच्या वायरीत शिरतोय, एवढं मला कळत होतं. मग तो गोंधळ अडवणारी जाळीची वायर आणून लावली, सगळ्या वायरी उखडून दूर-दूर नेल्या, ऑनलाइन ग्रुपवर अठरा जणांचे अठरा सल्ले ऐकले. एकाने सांगितलं, मशीनच बदला. धन्यवाद दादा.

सांगाड्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या... त्यावर मी उपाय काय केला, तर रबरी चप्पल घातली. वर्गात सेफ्टीवर तासभर बोलणारी बाई हे लिहितेय, बरं का.

शेवटी रविवारी नाक मुठीत धरून चौकातल्या रशीदभाईंना बोलावलं. ते मोटर रिवाइंडिंग करतात, अख्ख्या मोहल्ल्याचे पंप त्यांच्याच हातून जातात. माझ्या नंबर लावलेल्या वायरींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

पिशवीतून होल्डरला लावलेला एक शंभरचा बल्ब काढला. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला... लख्ख. मग न्यूट्रलची काढून अर्थिंगला लावली, तर बल्ब नुसता लालसर, मेल्यासारखा.

“म्याडम, अर्थिंगले पाणी कवा टाकलं होतं?”

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगा पडून वाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याची पट्टी जमिनीत असून नसल्यासारखीच. मग मोटरचा गोंधळ जमिनीत न उतरता स्विचच्या वायरीत शिरतो. हे मी शिकवते हो... परीक्षेत प्रश्नही टाकते.

आणि पाणी कधी टाकलं होतं, तेही मला पक्कं आठवत होतं. कारण ते बंद मीच केलं होतं.

माझ्या सासूबाई रोज सकाळी डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी मागच्या एका फरशीच्या फटीत ओतायच्या. नळ आठ-आठ दिवस येत नाही आणि यांचं फरशीला पाणी पाजणं चाललंय, म्हणून मार्चमध्ये मी त्यांना नको इतकं सुनावलं होतं. त्या दिवसापासून ते पाणी बाथरूमच्या बादलीत जायला लागलं.

त्या फरशीखालीच अर्थिंगचा खड्डा आहे. सासरे वीज खात्यात वायरमन होते, त्यांनी स्वतः खणलेला. मी या घरात यायच्या आधीच ते गेले.

सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. आई, तेव्हाच का नाही सांगितलं, असं मी जरा चिडूनच विचारलं.

“थे सांगून गेले होते, रोज पाणी टाकत जाय म्हनून. तू नाई म्हनलं... मले वाटलं तुले मालूम असन. तू तं इंजिनेर हायेस.”

टोमणा असता तर परवडला असता. पण त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं होतं. मला कुठे बघावं कळेना.

ड्रममध्ये जपून ठेवलेलं दोन बादल्या पाणी त्यांनीच काढून दिलं. अर्ध्या तासाने रशीदभाईंनी पुन्हा बल्ब लावला... चांगला पिवळाधमक. झिणझिण्या गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत सहाच्या सहा चकत्या कापून झाल्या. मशीन एकदाही थांबलं नाही.

सोमवारी कुसुमताई चकत्या घेऊन गेल्या. काल त्यांचा फोन आला, यंत्र अंगणात फिरवून पाहिलं... एका जागी एकच दाणा पडतोय.

इतकी वर्षं मी ज्याला सासूबाईंची खोड समजत होते, ते त्यांच्या माणसाने सोपवलेलं काम होतं. स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, आई, चुकलं माझं. त्या “बरं” म्हणाल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

आज सकाळी लवकर उठून डाळ धुतलेलं पाणी घेऊन मीच मागे गेले. फरशी आधीच ओली होती... मी माझंही ओतलं.