बाबांना बालाघाट दाखवलं

लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापाने, भावाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज होता. लग्न होऊन मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आले, त्याला सात वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. बाबा भंडाऱ्याकडच्या आमच्या खेड्यातून वर्षाकाठी एकदा भेटायला येत. तासभर ओसरीवर बसत, मग बाजारातल्या हॉटेलात चहा पिऊन गोंदियाची गाडी धरत. त्या हॉटेलवाल्याचा मला हेवा वाटायचा.

एका वर्षी मी शक्कल काढली. घरी जेवत नाहीत ना, मग घराबाहेर वाढू. 'दिवसभराच्या सवडीने या, गाव दाखवते,' असं पत्र टाकलं. बाबा सकाळच्या गाडीने हजर. मी पहाटेच उठून पुरणाच्या पोळ्या आणि त्यांच्या आवडीच्या बेसनाच्या पातोड्या केल्या होत्या. डबा पिशवीत तळाशी ठेवून वर टॉवेल पसरला.

पंचाईत ही, की गाव मलाच ठाऊक नव्हतं. यजमान खाणीच्या ऑफिसात कारकून. त्यांच्या लेखी इथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. आणि मीही बाहेर पडणं सोडलं होतं, कारण चार बायका भेटल्या की पहिला प्रश्न तोच. सात वर्षांत घर, नळ आणि दवाखाना एवढंच माझं बालाघाट. मॅंगनीजचे काळे ढीग दाखवले, बांबूच्या टोपल्यांचा बाजार दाखवला आणि नदीकडे निघालो तेव्हा दोनदा रस्ता चुकले. शेवटी एका पानवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "नई आई हो क्या, बाई?"

बाबा हसले. "तू बी माह्यासारखीच पाहुनी दिसतं इथं," म्हणाले. सात वर्षं मी कशी काढली, ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

वैनगंगेवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाबांनी हातपाय धुतले, ओंजळीने पाणी प्यायले. मी झाडाखाली पान मांडलं, डबा उघडला, पोळीवर तूप सोडलं.

"हे काहून आनलं?"

"हे काई आमचं घर नोहोय बाबा, नदी हाये. बसा."

ते पानासमोर बसले. मला वाटलं, जिंकले. त्यांनी पोळीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला.

"चूल तं तुह्याच घरची ना, बाई. मी खाल्लं अन् तुह्यं काई वाईट झालं, तं मले सोसनार नाही."

मी हट्ट केला, रडले, आणि शेवटी नको ते बोलले. "मंग यापुढं येऊच नोका." संध्याकाळी गाडीत चढताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मी झटकला. घरी येऊन सगळा डबा गाईला घातला.

त्या रागात मी दिवाळीला माहेरी गेले नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही. बाबाही आले नाहीत. येऊ नका, असं मीच म्हटलं होतं. मग एक दिवस ते गेल्याची तार आली.

त्यानंतर वर्षाने मला मुलगी झाली. बारशाला भाऊ आला आणि पहिल्यांदाच माझ्या घरी पानावर बसला. त्याला वाढता वाढता मी बोलून गेले, की बाबा मनाने फार कठोर होते. त्याने हातातला घास खाली ठेवला.

"कठोर? नदीवर तुह्या डब्याले हात नाही लावला, त्या दिवशी घरी येऊन ते जेवलेच नाही. आईनं लय म्हटलं. पोरगी तिकडं उपाशी राह्यली असन, म्हने, मले कसं गिळन?"

त्या दिवशी मी जेवले नव्हते, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.