फळीवरची ग्लिसरीनची शिशी

त्या दिवशी आंधळगावात एका घराला आग लागली आणि घरातली म्हातारी जळून मेली. सून शेतात धान कापत होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या भागात मी ठाणेदार होतो. ती घटना माझ्या मनातून गेलेली नाही.

संध्याकाळी शेजारीण ठाण्यात आली. "सायेब, सासू-सुनेची रोज कावकाव चाले. सकाळीच सून म्हणे, बुढी मरत बी नाही. तिलेच इचारा."

मी जाऊन पंचनामा केला. आग लागली तेव्हा चूल थंड होती. दिवा लावलेला नव्हता. म्हातारीचा मुलगा चिखला गावच्या खाणीत कामावर होता. मी सुनेला खुनाच्या गुन्ह्यात अटक केली.

दोन दिवस चौकशी चालली. ती एकच सांगे, "मी तं धानाच्या बांधीत होती सायेब. मी कायले जाळू बुढीले?"

तिसऱ्या दिवशी शवविच्छेदनाच्या अहवालासाठी मी हवालदाराला घेऊन दवाखान्यात गेलो. त्याचे पाय पाहून कंपाउंडर म्हणाला, "हवालदारसाहेब, टाचा आहेत का उन्हाळ्यात भेगाळलेली बांधी?" पाय धुवायला त्याने लाल औषधाची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची, पुडी दिली, वरून लावायला ग्लिसरीन. मग बजावलं, "दोन्ही एका खिशात ठेवू नोका. सांडलं तं आग धरते."

ठाण्यात येऊन मी पंचनामा काढला. म्हातारीच्या खाटेच्या वर भिंतीला फळी, खाली फुटकी शिशी. माझंच अक्षर होतं. शिशी कसली, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

"ग्लिसरीनची," सून म्हणाली. "बुढीच्या टाचा फुटल्या होत्या. रोज मीच लावून देत होती. त्या दिवशीबी लावलं अन् फळीवर ठेवलं. बूच हरवलं होतं, चिंधी कोंबली होती."

"फळीवर आणखी काय होतं?"

"विहिरीत टाकाची लाल दवाईची पुडी."

ठाण्याच्या आवारात पंचांसमोर, सुनेलाही उभं करून, मी त्या लाल औषधाच्या भुकटीवर ग्लिसरीन ओतलं. आधी काहीच झालं नाही. मग धूर निघाला आणि जाळ उठला. "अरे बापा!" एक पंच मागे सरकला. तपास लागल्याचा मला आनंद झाला होता.

"बाई, तू सुटलीस," मी म्हणालो.

ती जाळाकडे पाहत होती. "म्हणजे मीच," ती म्हणाली.

मी कागदावर 'अपघात' लिहिलं, सही केली आणि पुढच्या कामाला लागलो. कारण सापडलं की तपास संपतो, असं मी मानत असे. ज्याच्या हातून घडलं त्याच्याजवळ थोडा वेळ बसावं लागतं, हे मला फार उशिरा कळलं. तो जाळ तिला दाखवायची गरज नव्हती.

ती यंदा वारली. मी तिच्या नवऱ्याला भेटून आलो. तिनं आग लावली नव्हती, हे आम्हा दोघांना ठाऊक आहे. तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही.