कपाटामागे शिरलेली आत्या

अख्ख्या कळव्यात माझ्या आत्याइतके तिखट कान कुणाचे नव्हते, आणि त्या कानांचा जाच आमच्याइतका कुणी सोसलेला नसेल. शाळेत गणित शिकवायचं संपलं आणि ती स्टिरिओच्या नादी लागली ती लागलीच. कुणाच्याही घरी गेली की माणसांआधी म्युझिक सिस्टिमची पाठ बघणार. एका बारशाला गेलेलो, तर ही पाळणा सोडून स्पीकरला कान लावून उभी! "घरघर येतेय. साधी वायर लावलीय मेल्यांनी!" पर्समध्ये कंगवा नसेल, शील्डवाली केबल असणारच. कुणी हसलं की टोक सोलून आतली तांब्याची जाळी दाखवायची. "हिनं आवाज गोड नाही होत रे. शेजारच्या विजेच्या वायरींची घरघर ही आत येऊ देत नाही, इतकंच. गोडवा मुळात असावा लागतो."

माझ्यासाठी मानपाड्याला मुलगी बघायला निघालो, तेव्हा मी तिला बजावलेलं, "आत्या, आज कशाच्या मागे डोकावायचं नाही." ती "बरं" म्हणाली. पोहे झाले. बोलता बोलता मुलीचे वडील म्हणाले, "हिची आई विहारात भीमगीतं गायची. ती गेली, कॅसेट तेवढी राहिली. आता त्यातूनही नुसती घरघर येते. दुकानदार म्हणाला, कॅसेटच खराब झालीय."

"मी बघू का जरा?" आत्यानं बशी खाली ठेवली.

माझे बाबा पंख्याकडे बघत बसले. नवी साडी सावरत आत्या टेप-डेक ठेवलेल्या कपाटामागे शिरली. डेकपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतच्या तुटलेल्या केबलच्या जागी कुणीतरी दिव्याची वायर जोडलेली, तीही प्लगच्या वायरींना गुंडाळून. आत्यानं ती काढली, पर्समधली केबल लावली, प्लगपासून लांब ओढून घेतली आणि म्हणाली, "लावा आता."

घरघर गेली होती. एक मोकळा, खणखणीत आवाज खोलीभर झाला. दोन ओळींच्या मधे बाईंनी श्वास घेतला, तोही ऐकू आला. इतका वेळ खाली बघत बसलेली मुलगी एकदम म्हणाली, "पप्पा, आई!" आत्या जाळं लागलेल्या केसांनिशी कपाटापाशी उभी होती, आणि ही माझी सख्खी आत्या, असं खिडकीतून ओरडून सांगावंसं मला वाटत होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "माझा होकार आहे. पण आत्या येत जातील ना आपल्याकडे?"

येते, दर रविवारी. कान आता मंदावलेत, ते मात्र कबूल करत नाही. "हल्लीचे लोक फार हळू गातात गं," म्हणते. बायको उठते आणि आवाज थोडा वाढवते.