नाक तुझं, हात तिचा

"हिच्या हातावरचं नको. दुसऱ्या पोरीच्या हातावर दाखवा."

असं म्हणाली अक्का, आमच्या गावची. दोन मिनिटांपूर्वी तिनेच माझं मनगट दोन्ही हातांनी धरून नाकाला लावलं होतं. डोळे मिटून. "वा! हाच. हाच पाहिजे मला," असंही म्हणाली होती. मी तिला दुकानात शिरतानाच ओळखलं होतं. तिने मला नाही. आणि मला कुठून अवदसा आठवली, मी हसत हसत सांगितलं, "अक्का, मी पण धरणगावचीच." वर आईचं नाव सांगितलं. वाटलं, आता आपण काउंटरवर उभ्या आहोत. बाईला कौतुक वाटेल.

कौतुक! हातच सुटला तिचा. पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं. मग बोटं पुसली. एकेक बोट. आणि शहरी मराठी सोडून म्हणाली, "आम्हनी भट्टीवर कढया घासस, तिनी पोर शे का तू?"

"हो. तिचीच."

मग ते वाक्य. माझ्याकडे न बघता, थेट मालकाला.

जळगावच्या बाजारात परफ्यूमच्या दुकानात मी पाच वर्षं काम करते. मालकाला आम्ही भाऊ म्हणतो. आमच्या दुकानाची एक रीत आहे. सकाळी शटर उघडलं की आम्ही पोरी एकेक बाटली वाटून घेतो आणि मनगटावर फवारतो. कागदाच्या पट्टीवर सगळेच वास चांगले. अंगावर तीन तासांनी काय उरतं, तो खरा माल. म्हणून दुपारी गिऱ्हाईक आलं की आम्ही मनगट पुढे करतो.

सध्या चलती गोडाची. व्हॅनिला, चॉकलेट, कॅरेमल, बुढ्ढी के बाल. पोरी मोबाइलवर बघून येतात आणि खाऊ मागावा तसे वास मागतात. बाकीच्यांना त्यात फक्त गोड कळतं. मला आतलं कळतं. एखादा अर्ध्या तासात खोकल्याच्या औषधावर येतो. एखादा डिसेंबरात बरा, पण आमच्या जळगावच्या मे महिन्यात लावला तर माणसाला मुंग्या लागतील. आणि लाखात एक असा असतो की साखर लाल होऊन आता जळणार, जळणार, त्या नेमक्या घडीला थांबलेली. गोडाच्या बुडाशी जरासं कडू. माझ्या नाकाने पास केल्याशिवाय भाऊ नवा माल भरत नाही.

हे मला कोणत्या कोर्सने शिकवलं नाही. कढईने शिकवलं.

होळीला आमच्याकडे लहान पोरांच्या गळ्यात साखरेचे हारकंगन घालतात. अक्काच्या घरची त्याची भट्टी. होळीआधी महिनाभर माय तिथे कामाला. साच्यांना हात लावायचा नाही. पाकाला नाही. कढईला लावायचा, तो पण ती रिकामी झाल्यावर. बुडाला लागलेली काळी-लाल खरवड माय खरडून कागदात बांधून आणायची. आम्ही भावंडं चाटून खायचो. तुटके हारकंगन अक्का द्यायची, पण वरून. हातभर उंचावरून पदरात टाकायची, शिवाशिव नको म्हणून. माय पदर पसरून उभी. एखादा तुकडा खाली पडायचा, तो मी फुंकून खायची.

शाळेत पोरी म्हणायच्या, "हिच्या अंगाला जळका वास येतो." बाकावर सरकून बसायच्या. मी घरी येऊन नळाखाली अंग घासायची. तोच जळका वास आज सोनेरी झाकणाच्या बाटलीत बसून आलाय, त्याला कॅरेमल म्हणायचं. आणि तो अक्काला पाहिजे. पोरीच्या लग्नात व्याह्यांकडच्या बायकांना द्यायला. चाळीस बाटल्या.

तर त्या दिवशी भाऊने पूजाला बोलावलं. पूजा माझ्या शेजारच्या काउंटरची. तिच्या मनगटावर तीच बाटली मारली. ताजी. नुसता स्पिरिटचा भपका. अक्काने नाक मुरडलं. "हा तो नाही." अहो, तोच होता! पण तीन तासांचं अंग कुठून आणणार? "शुक्रवारी येते," म्हणून निघून गेली.

आणि मी काय केलं? मी माझं मनगट ओढणीला पुसलं. घासून घासून. तिने बोटं पुसली त्यापेक्षा हे मला जास्त झोंबतं. मला कोणी सांगितलं होतं पुसायला?

दुसऱ्या दिवशी भाऊने मला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ. "तू आत गोडाऊनमध्ये बस. वास तू निवडायचा, सकाळीच पूजाच्या हातावर मारायचा. नाक तुझं, हात तिचा. पगार तोच." चेहरा असा की माझ्यावर मोठे उपकार चाललेत.

आणि मी बसले आत. दोन दिवस. खोक्यांमध्ये. थू माझ्या जिनगानीवर.

घरी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बस ना व मांगे गोडाऊनमा. काय बिघडस? नोकरी त शे."

"तू पदर पसरलास म्हणून मला आत बसवतात," मी ओरडले. तव्यावरची भाकरी करपली. असं बोलायला नको होतं, हे मला कळतं. पण खोटं बोलले नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी दोन फवारे मारले. एक पूजाच्या मनगटावर, भाऊने सांगितलं तसा. दुसरा माझ्या.

दुपारी अक्का आली. पूजाचा हात हुंगला. एकदा, दोनदा. पूजाच्या अंगावर तो वास पावडरीसारखा होतो. त्यात तिचा काय दोष, ज्याचं त्याचं अंग. अक्का म्हणाली, "नाही गं बाई, परवाचा वेगळा होता." भाऊने आत हाक मारली, "जरा ये गं. सांग यांना, तो परवाचा कोणता."

मी बाहेर आले. हात काउंटरच्या काचेवर ठेवला. मनगट वर करून.

"हा तो. वास घ्यायचा तर इथे घ्या."

अक्का मागे सरकली. "भाऊ, तुमच्या पोरी लईच चढेल शेत."

"अक्का, तुमच्या कढईची खरवड खाऊन मोठी झाले मी," मी म्हणाले. "तुम्हाला पाहिजे तो वास तोच आहे. दुसरा कुठला नाही."

अक्का एक बाटली न घेता पायऱ्या उतरून गेली.

भाऊ लालबुंद. "चाळीस बाटल्यांचं गिऱ्हाईक घालवलं! उद्यापासून येऊ नको."

"बरं. मग कारण लिहून द्या. दुकानाच्या कागदावर. लिहा, हिचा हात गिऱ्हाइकाला चालत नाही. का चालत नाही तेही लिहा. खाली सही करा."

"काय बोलते तू? मी कुठे जात बघतो?"

"मग लिहा ना."

त्याने पॅड ओढलं. पेनचं टोपण काढलं. पूजा बघत होती, दोन गिऱ्हाइकं बघत होती. मग टोपण लावलं आणि म्हणाला, "जा, काउंटरवर जा."

त्याला काही उपरती झाली नाही. तो आता माझ्याशी बोलत नाही. नवा माल मला न दाखवता भरतो आणि खोकल्याचं औषध विकतो. कधी ना कधी मला काढायला तो दुसरी सबब शोधेल. पूजा डबा खायला माझ्याजवळ बसते, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नाही. आणि माय यंदाही भट्टीवर गेली. अजून पदर पसरते. तिच्याशी माझं भांडण आहे आणि ते मी सोडणार नाही.

मी रोज सकाळची बस पकडून येते. शटर उघडलं की तीच बाटली उचलते, त्याच मनगटावर मारते आणि काउंटरवर उभी राहते. आत बसणार नाही. ओढणीला हात पुसणार नाही. कोणी विचारलं, कुठली, कोणाची, तर आईचं नाव पूर्ण सांगते, आडनावासकट, आणि हात पुढेच ठेवते.

ज्या दिवशी भाऊ ते कारण कागदावर लिहील, त्या दिवशी तो कागद घेऊन मी पोलीस ठाण्याची पायरी चढणार आहे. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय.