गाळलेली ओळ

सोलापुरात भवानी पेठेत आबासाहेबांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि वर्षातून एकदा त्यांचा स्वतःचा दिवाळी अंक, असं काम चालायचं. मी तिथं प्रुफं वाचायचो आणि धोंडप्पा जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून शब्द करायचा, शब्दांची ओळ, ओळींचं पान, हे त्यांचं काम. उलट्या अक्षरांतलं पान ते आपण वर्तमानपत्र वाचतो तसं सहज वाचायचे.

धोंडप्पा मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी. मराठी शाळेत शिकलेली, आणि ती त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्यासारखी जपली होती. ते कथा लिहायचे. पहाटे पाचला उठायचं, छापखान्यातून आणलेले पाठकोरे कागद घ्यायचे आणि कामावर निघेपर्यंत लिहायचं. एकेक वाक्य सात-आठ वेळा खोडायचे. एका कथेला पाच-सहा महिने जायचे. मग ती पुण्या-मुंबईच्या मासिकांकडे जायची आणि 'साभार परत'ची चिठ्ठी घेऊन यायची. बारा वर्षं असं चाललं होतं. कुणा लेखकाची कथा जुळवताना मध्येच थांबून ते मला एखादं ढिलं वाक्य वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, हा लेखक, आणि मी त्याचा जुळारी. मला त्यांची बाजू पटायची. डोळा त्यांना होताच.

बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडून एक जोडपं सोलापुरात आलं. नवरा गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि बायको आमच्याकडे, छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायला आणि शिवायला. तिचं नाव मायाक्का. चौथी शिकलेली. दुपारी भाकरी खाताना ती गावाकडचं सांगायची. मेंढरं घेऊन सासऱ्यामागं किती गावं पालथी घातली, कुठल्या नदीत पाणी नव्हतं, असं काही. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात आबासाहेबांनी एकदा ते ऐकलं आणि म्हणाले, हे लिहून दे, दिवाळी अंकाला बघू.

तिनं खरंच लिहिलं. दोन दिवसांनी कटाईच्या कागदाच्या लांबट पट्ट्यांवर शिसपेन्सिलीनं लिहिलेली गोष्ट घेऊन ती धोंडप्पांसमोर उभी राहिली. शुद्धलेखन तेवढं बघा म्हणाली.

धोंडप्पांनी तिथंच उभ्या उभ्या वाचली. एका मेंढीची गोष्ट होती. कोरड्या नदीत तिचं कोकरू मरतं आणि मेंढी तिथून हलायला तयार होत नाही. कळप पुढं गेलेला. म्हातारा सासरा तिला खांद्यावर घालून सात कोस चालतो, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात तीच मेंढी खाटकाला द्यावी लागते. शेवटची ओळ अशी होती: 'म्हातारा त्या दिशी कुनाशी बोलला न्हाय. खांद्यावरची लोकर मातूर त्यानं झाडली न्हाय.'

धोंडप्पांनी पट्ट्या नीट एकावर एक लावल्या आणि विचारलं, "किती वेळा लिहिलंस?"

"एकदाच की अण्णा. चुलीम्होरं बसून. जसं आटवलं तसं."

त्या दिवशी धोंडप्पांनी डबा उघडला नाही. पुढं खूप वर्षांनी त्यांनी मला सांगितलं की छातीत जळजळ होते तसं खरोखर झालं होतं. गोष्ट वाईट असती तर त्यांनी तिला मनापासून शिकवलं असतं. बरी असती तरी कौतुक केलं असतं. पण ती ओळ त्यांना बारा वर्षांत सापडली नव्हती आणि हिला भाकऱ्या थापता थापता सापडली.

त्यांनी गोष्ट घरी नेली आणि आठवडाभर तिच्यावर काम केलं. 'न्हाय'चं 'नाही' झालं. सुरुवातीला सूर्यास्ताचा एक परिच्छेद आला. मेंढीच्या डोळ्यांत अश्रू आले. म्हाताऱ्याच्या तोंडी नियतीबद्दल दोन वाक्यं आली. हे वाईट बुद्धीनं केलं की चांगल्या, हे त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. मायाक्कानं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. लई चांगलं झालंय म्हणाली. मग पदर सारखा करत म्हणाली, "पन ह्यात आमचा म्हातारा कुटं दिसंना, अण्णा."

आबासाहेबांनीही मूळ पट्ट्या मागून घेतल्या आणि त्याच छापायच्या ठरवल्या. त्या अंकासाठी धोंडप्पांनीही आपली कथा दिली होती. जागा एकाच कथेची उरली होती. आबासाहेबांनी त्यांना जवळ बोलावून, पुढच्या वर्षी तुमची नक्की घेऊ, असं सांगितलं आणि मायाक्काच्या पट्ट्या जुळवायला त्यांच्याच हातात दिल्या.

मी तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी वैरागला गेलो होतो, त्यामुळं प्रुफंही धोंडप्पांनीच वाचली. त्यांनी गोष्ट जुळवली. अक्षर न अक्षर, तिच्याच बोलीत, एकही चूक नाही. शेवटी आले. 'म्हातारा त्या दिशी कुनाशी बोलला न्हाय,' एवढं जुळवलं, पूर्णविराम बसवला आणि हात थांबवला. लोकरीची ओळ त्यांनी घेतलीच नाही.

अंक निघाला आणि तरीही गोष्ट गाजली. बार्शीहून, पंढरपूरहून, थेट पुण्याहून पत्रं आली. आबासाहेब एकेक पत्र मोठ्यानं वाचायचे आणि धोंडप्पा खिळ्यांच्या खणांत मान घालून ऐकायचे. ओळ काढूनही तिचं काही अडलं नाही, हे त्यांना अधिकच लागलं.

मायाक्कानं अंक घरी नेऊन वाचला होता. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याकडे आली आणि एक ओळ ऱ्हायली म्हणाली. पानात जागा संपली, असं धोंडप्पांनी सांगितलं. तिनं मान हलवली. तसं आसंल, म्हणाली, आणि घड्या घालायला बसली. तिनं विश्वास ठेवला होता. ज्या पानावर ती गोष्ट संपत होती त्याच्या खाली चार बोटं जागा कोरी होती, हे मी परतल्यावर पाहिलं. धोंडप्पांकडेही पाहिलं. ते खिळे खणांत टाकत राहिले आणि मी प्रुफं पुढं ओढली.

त्यानंतर धोंडप्पांचं लिहिणं बंद पडलं. पहाटे उठून बसायचे, पण कुठलंही वाक्य सुरू केलं की ते लोकरीकडे जायचं. मायाक्का मात्र लिहीत राहिली. वर्षात तीन गोष्टी झाल्या. प्रत्येक गोष्ट ती आधी अण्णांना दाखवायची. ते वाचायचे, वेलांट्या सुधारून परत करायचे आणि त्या दिवशी कुणाशी धड बोलायचे नाहीत.

पंच्याहत्तर साली पुण्याच्या एका मासिकानं मेंढीची गोष्ट पुन्हा छापायला मागितली. आबासाहेबांनी छापील पानं पाठवायचं काम धोंडप्पांकडे दिलं. त्यांनी पानं टपालात टाकली नाहीत. दोन दिवस खिशात घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी शेवटच्या पानावर, त्या चार बोटं जागेत, शाईनं ती ओळ लिहिली आणि पान घेऊन मायाक्कापुढं गेले.

"जागा होती," ते म्हणाले. "ओळ मीच घेतली नाही. तप्पायितु." चूक झाली, हे त्यांच्या तोंडून कानडीतच आलं.

मायाक्कानं शाईच्या ओळीखालून बोट फिरवत ती वाचली. मग म्हणाली, "मी इचारलं हुतं तुमास्नी. तवाच सांगायचं हुतं की."

तिनं आवाज चढवला नाही. आबासाहेबांना सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तिच्या गोष्टी माझ्याकडे यायला लागल्या. मला ते बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, कारण वेलांटीपलीकडे मला काही दिसायचं नाही. धोंडप्पांना दिसायचं. तिलाही हे ठाऊक असणार.

गोष्ट पुण्यात पूर्ण छापून आली. धोंडप्पांचा मत्सर काही त्यामुळं गेला नाही. तिचं नाव निघालं की त्यांचे ओठ आवळले जायचे. पण लिहिणं सुरू झालं, आणि वेगळं सुरू झालं. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी आपल्या आईवर, शरणम्मावर, एक गोष्ट लिहिली. तिच्या तोंडी अर्धी कानडी, अर्धी मोडकी मराठी होती, जशी ती खरंच बोलायची. कायम शुद्ध लिहिणाऱ्या माणसानं असं लिहावं याचं मला नवल वाटलं. आबासाहेबांनी ती दिवाळी अंकात घेतली. सोळा वर्षांतली त्यांची पहिली छापील कथा. ती त्यांनी स्वतःच जुळवली आणि प्रुफं मला वाचू दिली.

पत्रं दोनच आली. धोंडप्पा मायाक्काच्या मताची वाट बघत होते, हे सगळ्यांना दिसत होतं. ती चार दिवस नुसत्या घड्या घालत राहिली. पाचव्या दिवशी भाकरी सोडताना, तीन वर्षांनी पहिल्यांदा आपण होऊन, त्यांच्याकडे वळून म्हणाली, "अण्णा, म्हातारी लई झ्याक आलीय. पयली दोन पानं नसती तर आजून बरं झालं आसतं."

धोंडप्पांचे कान लाल झाले. कुणी विचारलं नसताना शिकवणं सोपं असतं, असं काहीतरी पुटपुटत ते उठून गेले. तो राग त्यांना आठवडाभर पुरला. मग एका दुपारी मी पाहिलं, ते खिडकीशी अंक उघडून बसले होते. पहिली दोन पानं अंगठ्याखाली दाबून धरली होती आणि तिसऱ्यापासून वाचत होते.