नवरा-बायको असल्याचे पुरावे

तिला सगळे कवळीवाली म्हणायचे आणि त्याचं तिला काही वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची. त्यांवरून ती प्लास्टरचे साचे करायची, गुलाबी मेणात एकेक दात बसवायची, आणि आठवड्याभरात कुणाच्या तरी बोळक्या तोंडात नवी कवळी जायची. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या त्या कारखान्यात, खिडकीजवळच्या एकाच स्टुलावर तिची सतरा वर्षं गेली. ‘लोकांचे दात जमवता जमवता हिचं लग्न जमायचं राहून गेलं,’ असं तिची मोठी बहीण म्हणायची.

ते जमलं छत्तिसाव्या वर्षी, आणि तेही बंद पडलेल्या लिफ्टमुळे. दुरुस्तीला आलेला मेकॅनिक रोज दुपारी चौथ्या मजल्यावर येऊन पाणी मागायचा. चार-पाच दिवसांनी कारखान्याचे मालकच म्हणाले, “अहो, लिफ्ट परवाच सुरू झालीय. आता तुमचं काय अडकलंय?”

तो एकेचाळीसचा, अबोल, हाताला ग्रीसचा वास. लग्न कचेरीत सह्या करून झालं. साक्षीला तिची बहीण, त्याचे वडील आणि कवळ्यांचे मालक. फोटो निघाले सात, त्यातल्या दोनांत तिचे डोळे मिटलेले. आठ महिन्यांनी तो परदेशी गेला. उंच इमारतींच्या लिफ्ट सांभाळायचं ते काम त्याला लग्नाआधीच मिळालेलं होतं. “वर्षभरात तुला बोलावून घेतो,” तो म्हणाला. त्या वर्षाची तीन वर्षं झाली.

ती सासऱ्यांजवळ राहिली. सासरे, म्हणजे अप्पा, एका छापखान्यात चाळीस वर्षं प्रुफं तपासायचे. तिथं त्यांचं नाव स्वल्पविराम पडलं होतं, कारण कुणाचंही लेखन हातात आलं की ते आधी त्यात चार स्वल्पविराम घालत. बोलतानाही अर्ध्या वाक्यावर थांबायची त्यांना सवय होती. नव्या सुनेला सुरुवातीला वाटायचं, बोलणं संपलं. ती उठून जायची आणि मागून उरलेलं वाक्य यायचं. पुढे तिला थांबायची सवय झाली. दोघांचं चांगलं जमलं. संध्याकाळी ती कामावरून आली की ते चहा करून ठेवत आणि विचारत, “आज किती तोंडं भरलीस?”

व्हिसासाठी आधी ती एका एजंटकडे गेली होती. त्याने मोबाइलवरून नजर न काढता विचारलं, “उशिरा लग्न, मूल नाही, एकत्र राहिलात आठ महिने. नक्की नवरा-बायकोच ना? तसं असेल नसेल, आपण दाखवू बरोबर.” ती पर्स उचलून बाहेर आली. संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आपलं आपण भरू. मी वीस मजल्यांच्या लिफ्टची वायरिंग वाचतो, एक फॉर्म नाही का वाचता येणार?”

“आणि तपासायला मी आहेच की,” अप्पा मागून म्हणाले.

तर आपला हात जगन्नाथ म्हणत त्यांनी सुरुवात केली. फॉर्म बेचाळीस पानांचा, वर पुरवण्या. तिचा भाग तिने भरायचा, त्याचा त्याने, आणि दोन्ही जुळले पाहिजेत. पासपोर्टात तिच्या नावात एक अक्षर जास्त होतं, लग्नाच्या दाखल्यात कमी. ते सुधारून घेण्यात सहा खेटे झाले. एका खिडकीवरचा माणूस म्हणे शेजारच्या खिडकीवर जा, आणि शेजारचा म्हणे साहेब जेवायला गेलेत. जेवायच्या टेबलावर आता जेवण मावेना. ताटं मांडीवर घेऊन दोघं जेवत, कारण कागद हलवले की क्रम बिघडे.

मग पुराव्यांचं प्रकरण आलं. नातं खरं आहे हे दाखवायला फोटो, फोनच्या नोंदी, आणि एकमेकांना पाठवलेले संदेश छापून जोडायचे. ती छापून घेऊन आली आणि गठ्ठा पदराआड धरल्यासारखा धरून उभी राहिली.

“अप्पा, हे तुम्ही नको.”

“मी फक्त तारखा बघतो,” अप्पा म्हणाले आणि प्रत्येक कागद उभा दुमडून, समासातला तारखांचा भाग तेवढा वर ठेवून तपासू लागले. मजकुराची बाजू टेबलाकडे. अर्ध्या तासाने म्हणाले, “माझ्या चिरंजीवांना दोन वाक्यांहून जास्त बोलता येतं, हे मला गठ्ठ्याच्या जाडीवरून आज कळलं.” तीही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पण गठ्ठा चाळताना तिच्या एक गोष्ट ध्यानात आली होती, ती तिने कुणाला सांगितली नाही. पहिल्या वर्षीच्या संदेशांत जेवलास का होतं, स्वप्नात आलास होतं, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली होती. गेल्या पाच महिन्यांत नुसतं ‘पान चौदा भरलंस का’, ‘बँकेचं पत्र पाठव’, ‘सही निळ्या शाईत’. नातं सिद्ध करता करता त्यांचं बोलणंच संपलं होतं. फोन आला की ती आधी पेन शोधायची, कारण काहीतरी राहिलेलंच असायचं. कामावर तिने एका आजीबाईंच्या कवळीत उजवीकडची दाढ डावीकडे बसवली. सतरा वर्षांत असं झालं नव्हतं. मालकांनी कवळी तिच्यापुढे ठेवली आणि एवढंच म्हणाले, “झोप होत नाही का तुझी?” ती हो म्हणाली आणि दाढ काढून पुन्हा मेण तापवायला घेतलं.

सगळा अर्ज अप्पांनी डोळ्यांत तेल घालून तपासला, घरी ठेवायच्या प्रतीत प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली, आणि अर्ज रवाना झाला. मग चार महिने जीव टांगणीला.

उत्तर एका पानाचं आलं. एकत्र राहायला लागल्याची तारीख तिने लग्नाची लिहिली होती, त्याने पुढच्या महिन्याची पहिली. घराला रंग चालला होता म्हणून पहिले पंधरा दिवस ती दोघं बहिणीकडे होती, त्यामुळे तसं दोघांचंही खरं होतं. पण घराचा नंबर दाखल्यावर सतरा आणि तिच्या अर्जात एकाहत्तर. ‘सदर वैवाहिक नाते खरे असल्याबद्दल आमचे समाधान झालेले नाही,’ असं शेवटचं वाक्य होतं. तिने ते उभ्यानेच वाचलं आणि मग चप्पल न काढता खुर्चीवर बसली.

नंतर तिने घरची प्रत काढली. घराचा नंबर एकाहत्तर लिहिलेल्या पानावर अप्पांची लाल खूण होती. पुढच्या पानावर होती, त्याच्या पुढच्या पानावर मात्र नव्हती. ते तिने उलटलं. खूण मागच्या कोऱ्या बाजूवर होती.

अप्पा खिडकीपाशी बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

“कधीपासून दिसत नाहीये?”

ते बराच वेळ थांबले. ती उठली नाही.

“वर्ष झालं असेल. कडेकडेचं दिसतं. मधलं नाही. शब्द बघायला गेलं की तोच नाहीसा होतो, शेजारचा दिसतो.”

“आणि मला सांगितलं नाहीत.”

“सांगितलं असतं, तर तू अर्ज थांबवला असतास. म्हटलं असतंस, यांना असं टाकून कसं जाऊ. मला वाटलं, चाळीस वर्षांचा हात आहे, अंदाजाने निभेल. निभलं नाही.” मग म्हणाले, “माझ्यामुळे तुझं गेलं.”

नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती स्वयंपाकघरात होती, अप्पा बाहेर. दार उघडंच.

“सतरा आणि एकाहत्तर? तपासलं कुणी?”

“मी.”

“अप्पांनी नाही बघितलं?”

“ते पान त्यांना दाखवायचं राहिलं. माझी घाई झाली.”

दोन वर्षं परक्या गावात एका खोलीत काढलेला माणूस; त्यालाही कुठेतरी ओतायचं होतं. “मी इथं भिंतींशी बोलतोय,” तो म्हणाला, “आणि तुला स्वतःच्या घराचा नंबर लिहिता येत नाही. तुला यायचंच नाहीये का? तसं असेल तर तसं सांग.”

तिने फोन ओट्यावर ठेवला. त्यानंतर अकरा दिवस ना त्याचा फोन आला, ना तिने केला. अप्पांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, राहिलंय ते जपा. घरी येताना अप्पांनी तिचा दंड धरला होता आणि पायऱ्या मोजत होते.

बाराव्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, “मला त्याला फोन लावून दे. आकडे दिसत नाहीत. आणि तू जरा बाहेर जा.”

ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. समोरच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं आणि दोघंजण ते ओढत होते. आतून अप्पांचा आवाज येत होता, शब्द नाहीत. मग त्यांनी हाक मारली.

“मला का नाही सांगितलंस?” नवरा विचारत होता.

“तू विचारलंस कुठे? तू ठरवूनच बोललास.”

तो म्हणाला, “मला माफ कर असं म्हणायला फार सोपं वाटतंय म्हणून म्हणत नाही.”

“म्हण,” ती म्हणाली. “सोपं आहे तर म्हण.”

त्याने म्हटलं.

दुसऱ्यांदा अर्ज भरताना ती मोठ्याने वाचायची आणि अप्पा डोळे मिटून ऐकायचे. त्यांची स्मरणशक्ती अशी, की बाविसाव्या पानावर “थांब, आठव्या पानावर तू वेगळं लिहिलंयस” म्हणायचे आणि तसंच असायचं. बहिणीकडच्या पंधरा दिवसांचाही उल्लेख केला. बहिणीने सही केली. अप्पांनी स्वतःच्या हाताने एक पत्र लिहिलं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, तरी तिने ते टाइप करू दिलं नाही. त्यात लिहिलं होतं: ‘हे दोघे नवरा-बायको आहेत, हे मी त्यांच्या भांडणावरून सांगू शकतो. खोटी माणसे इतकी दुखावत नाहीत.’

सात महिन्यांनी होकार आला. तिने पाकीट उघडून वाचलं आणि अप्पांकडे बघितलं. त्यांचा चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेने वळलेला होता, किंचित बाजूला.

“आलं ना?”

“आलं.”

“मग रडतेस कशाला? नव्वद दिवसांत जायचं असतं. लिहिलंय बघ त्यात कुठेतरी.”

व्हिसा फक्त बायकोला होता. वडिलांसाठी वेगळा अर्ज, वेगळे नियम, आणि त्यात अप्पा कुठेच बसत नव्हते. ती म्हणाली, मी जात नाही. नवरा फोनवर म्हणाला, मीच परत येतो. अप्पांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि कुणाला न विचारता आपल्या धाकट्या बहिणीला कळवून टाकलं, की मी येतोय राहायला. आत्याबाई दूरच्या गावी एकट्याच असत. मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या.

“तू मला सोडून निघालीस असं नको,” ते सुनेला म्हणाले. “मीच आधी निघतो. म्हणजे तुला मागे वळून बघायला कुणी नसेल.”

तिच्या विमानाच्या आठ दिवस आधी ती त्यांना बसवर सोडायला गेली. खिडकीजवळची जागा दिली. मधलं दिसत नसलं तरी कडेची झाडं दिसतील म्हणून. त्यांनी बजावलं, “पासपोर्ट हँडबॅगेतच ठेव, हं.” बस सुटली. ती घरी आली आणि टेबल पुसून काढलं. ते टेबल पूर्ण मोकळं तिने दोन वर्षांनी पाहिलं.

विमानतळावर नवरा भेटला तेव्हा तो बारीक झाला होता आणि केस पांढरे. दोघांनाही हात कुठे ठेवावेत कळेना. त्याची खोली सातव्या मजल्यावर, स्वच्छ, एकाच माणसाच्या सवयीची. पहिले काही दिवस ती दोघं पाहुण्यांसारखी वागली. फॉर्म नसल्यावर काय बोलायचं, ते पुन्हा शिकावं लागलं. संध्याकाळी अप्पांना फोन लावायचे, तेवढा वेळ मात्र दोघंही सैल होऊन बोलत. अप्पा विचारत, “तिकडचे लोक दात टिकवून आहेत का? तुझं काम कसं व्हायचं?”

चौथ्या महिन्यात सकाळी आत्याबाईंचा फोन आला. अप्पा झोपेतच गेले होते. तिचा पासपोर्ट रहिवासी कार्डासाठी कचेरीत जमा होता; परत मिळायला तीन आठवडे लागणार होते. खिडकीवरच्या बाईंनी ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि मान हलवली. नवरा एकटाच गेला. ती त्या सातव्या मजल्यावर नऊ दिवस राहिली. रोज लिफ्टने खाली जायची, दूध आणायची, वर यायची. रडायला तिथं शेजार नव्हता.

तो परत आला तो दुपारी. बॅग दारातच ठेवली, बूट काढायला खाली बसला आणि उठलाच नाही. ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली.

“आत्या सांगत होती, तुझ्याबद्दलच बोलायचे सारखं,” तो म्हणाला. “तिथं लोक भेटायला येत होते. मला विचारत होते, शेवटी काय खायचे, झोप लागायची का, कुठलं दुखायचं. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. मुलगा मी, आणि तीन वर्षांचं मला काही माहीत नाही.”

तिने त्याच्या एका बुटाची नाडी सोडवली.

“तू सांग,” तो म्हणाला. “कसे राहायचे ते? सकाळपासून सांग.”

“सकाळी सहाला उठायचे,” ती म्हणाली. “चहा आधी मला, मग स्वतःला. कपात बोट बुडवून बघायचे, किती भरला ते. मला वाटायचं, गरम किती आहे ते बघतायत...”

ती अर्ध्यावरच थांबली. तो थांबला. वाक्य संपलेलं नाही हे त्याला कळलं होतं. थोड्या वेळाने तिने पुढचं सांगायला घेतलं.